मदत हवी आहे: जागलीवर रात्री घाम आणि थरथर, सकाळी शुगर चढलेली. टेन्शन की दुसरं काही?

नमस्कार. पांढरकवड्याकडच्या खेड्यातून लिहिते आहे. माझे सासरे (मामाजी), वय 62, शुगर आणि बीपी दोन्ही. शुगरसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी मेटोप्रोलोल सुरू आहे.

हरबऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून मामाजी रोज जागलीला जातात. लाईन रात्रीचीच असते, त्यामुळे ओलितही तेव्हाच. संध्याकाळी गोळी घेऊन अर्धी भाकर खातात की निघाले वावरात.

जागल करून आले की उपाशीपोटी शुगर 200 च्या वर. घरी झोपले तर 150 च्या आसपास. आता नवीनच सुरू झालंय. रात्री दोन-अडीचला दरदरून घाम येतो, एवढ्या थंडीत बनियन ओली होते, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. मामाजी म्हणतात, "काई नाई वं, डुकरांच्या कळपानं जीव दचकला. कर्जाचं टेन्शन हाय, दुसरं काय!" गावातही सगळे टेन्शनच म्हणतात. मला पटत नाही. दचकलेला माणूस थोड्या वेळात सावरतो. यांचं बराच वेळ चालतं, आणि चहा-बिस्कीट पोटात गेलं की थांबतं.

भीतीनं, जागरणानं शुगर खरंच इतकी वाढते का? आणि हा घाम कशाचा? दवाखान्यात सोमवारशिवाय जाणं होणार नाही. तोवर काय करू?

वर्धेची परिचारिका:
ताई, चहा-बिस्किटानं थांबतं हे तुम्ही हेरलंत, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, तिथून ॲड्रिनलिन नावाचं संप्रेरक सुटतं. डुक्कर अंगावर आलं तरी सुटतं, आणि रक्तातली साखर फार उतरली तरी सुटतं, कारण यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढायला ते लागतं. म्हणून घाम, थरथर दोन्हीकडे सारखीच. नुसतं बघून सांगता येत नाही. बोलणं अडखळणं मात्र मेंदूला साखर कमी पडल्यानं होऊ शकतं. ग्लिमेपिराइड घेऊन अर्धी भाकर आणि वर रात्रभर पाणी वळवायची मेहनत, यात शुगर उतरण्याची भीती असतेच. शिवाय मेटोप्रोलोलमुळे धडधड दबते, घाम दबत नाही. धडधड नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

त्याच वेळी ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर परत द्या, मग भाकर. मशीन जवळ नसेल तर तपासत बसू नका, साखर द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, 108 लावा. तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला तरी लगेच 108. आणि सोमवारची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांचं तेच ठरवतील.

वावरवाला:
जागरणाचं विचारलंत, तर हो, वाढते. ॲड्रिनलिनचा जोर लवकर ओसरतो, पण ताण आणि अपुरी झोप रोजचीच झाली की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि इन्सुलिनचं काम अडतं. पहाटे ते तसंही वाढतं. इतक्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय का त्यांनी? स्टेरॉइडचं असेल तर शुगर काही दिवस चढलेली राहू शकते. एचबीए1सी ही रक्ताची तपासणी करून घ्या, मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या शुगरचा अंदाज येतो. आणि कर्जाचं टेन्शन खोटं नाही हो, त्यावरही बोलायला हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती:
इंजेक्शन घेतलेलं नाही. काल हे सोबत गेले होते. घाम सुटला तेव्हा 58 आली! साखरपाण्यानंतर 96. सकाळीच डॉक्टरांना फोन केला. ग्लिमेपिराइड थांबवायला सांगितलं आणि आजच बोलावलंय. जागल सध्या दीर करणार. नंबर मामाजींना दिलाय. एक विचारायचं होतं, मशीननं आधी दोनदा एरर दाखवली. थंडीमुळे का?

वर्धेची परिचारिका:
असू शकतं. मशीन आणि पट्ट्यांची डबी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. बोटं धुऊन, पुसून, चोळून गरम करा, मग टोचा. बोटाला साखर लागलेली असेल तर आकडा खोटाच वाढून येतो. डॉक्टर काय म्हणाले ते नक्की लिहा.