आधी अंगावरचा थर वाचवा
तळ्यातल्या रोहू माशाच्या अंगावर लाल चट्टे दिसले की लगेच अँटिबायोटिक सुरू करा, हा सल्ला मला पटत नाही. चट्टा उठला याचा अर्थ माशाच्या बचावाची पहिली फळी आधीच फुटली आहे. ती फळी म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. त्यात लायसोझाइम हे जिवाणूंना मारणारं विकर असतं, जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडणारी पेप्टाइड्स (छोटी प्रथिनं) असतात, आणि जुना थर सुटून नवा येत राहतो. त्यामुळे एरोमोनाससारख्या जिवाणूंना चिकटायला फारशी संधीच मिळत नाही. जाळं ओढल्यावर मासा हातात घेऊन बघा. जिथे दोरा घासून खवला निघालाय, बऱ्याचदा तिथेच पुढे जखम होते.

आणखी एक. आपल्या हाडांत रक्तपेशी तयार होतात, तशा माशाच्या हाडांत होत नाहीत; ते काम मुख्यतः डोक्यामागचा मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो. जिवाणू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा साठा तिथेच असतो. आणि ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉलही तिथेच बनतं! ते बराच काळ चढं राहिलं की या पेशी मंदावतात. म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दाटीने सोडणं आणि भर उन्हात जाळं ओढणं आधी थांबवा. आधी भिस्त या थरावर आणि या पेशींवरच असते, कारण ठरावीक जंतूविरुद्ध लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, तयार व्हायला कित्येक आठवडे जातात, थंड पाण्यात त्याहून जास्त.