आधी शेती, मग समाज... इतकं सरळ नाही

वर एका भाऊनं लिहिलं की आधी शेती आली, मग धान्य साठलं अन् मग देऊळ, राजा वगैरे. शाळेत हेच शिकवतात, पण तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे हे उत्खननाचं ठिकाण बघा ना, इ.स.पू. ९५०० च्या आसपासचं, कित्येक टनांचे कोरीव खांब उभे केलेत अन् पाळीव पिकाचा पुरावा नाही, हरणं मारून अन् रानटी धान्य दळून खाणारे लोक होते ते, म्हणजे शेतीच्या आधीच एवढी माणसं एका कामावर जमत होती.

अन् आपल्या नागपूरचंच घ्या. काटोल रोडवर जुनापाणीला तीनेकशे शिलावर्तुळं, म्हणजे दगड गोल मांडून केलेली जुनी थडगी आहेत (अर्धं शहर बाजूनं गाडी हाकत जाते, थांबत कोणी नाही). इ.स.पू. पहिल्या सहस्रकातले हे लोक. त्यांचेच जवळच्या माहुरझरीला घोडे तांब्याच्या दागिन्यांसकट पुरलेले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. शेती होती, कारागीर होते, मानपान होता, पण राजवाडा काही सापडला नाही बाप्पा. त्यामुळं शेती झाली की राजा येणारच हे मला तरी पटत नाही. घोडा पुरायची ऐपत कोणाची होती अन् तो मान ठरवायचं कोण, यावर कोणी वाचलं असेल तर टाका इथं.