पोरगी ८०० मीटरला पहिली आली की लोक म्हणतात "टेस्ट करा", काय करावं?

माणदेशी_मामा
नमस्कार मंडळी. आम्ही माण तालुक्यातले. भाची १५ वर्षांची, ८०० मीटर पळते. मागच्या आठवड्यात शालेय स्पर्धेत पहिली आली आणि नुसती पहिली नाही, दुसरीला अर्धी सरळ लाईन मागं टाकून आली. आता पेढे वाटायचे सोडून आम्ही तोंड लपवत फिरतोय अशी वेळ आलीय. दुसऱ्या नंबरच्या पोरीचे वडील थेट पंचांच्या टेबलापाशी जाऊन ओरडायला लागले, "ही पोरगी हाय का बघा आधी, टेस्ट करा हिची". पंचांनी त्यांना बाजूला घेतलं, विषय तिथं मिटला असं वाटलं, पण कुणीतरी शेवटच्या वळणाचा व्हिडिओ काढलेला, तो थांबवून तिच्या दंडावरच्या शिरांना लाल गोल करून फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं "तापसीचा पिक्चर बघितला का", म्हणजे तो "रश्मी रॉकेट", पळणाऱ्या पोरीची बाई आहे का म्हणून टेस्ट करतात त्यावरचा. केस बारीक आहेत, आवाज जाडसर आहे, पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढून मग पळायला जाते, दंड नसतील तर काय होईल? त्यात एक बाई म्हणाल्या की हिची ती एक मैत्रीण आहे, दोघी सारख्या एकत्रच असतात, तेव्हा समजून घ्या. काय समजून घ्यायचं ते त्यांनाच माहीत.

प्रश्न दोन आहेत. शाळेच्या लेव्हलला अशी टेस्ट कुणी मागू शकतं का? आणि वरच्या लेव्हलला ती असावी का नसावी, कारण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला बायकांच्या बॉक्सिंगमध्ये ह्याच टेस्टवरून झालेली भांडणं टीव्हीवर बघून माझंच डोकं गरगरलंय. पोरगी दोन दिवस ग्राउंडवर गेली नाही.

शिट्टीवाले_सर
मामा, पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नाही. शालेय स्पर्धेला जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, ओळखपत्र एवढंच लागतं. ती जी जीन टेस्ट आहे, एसआरवाय म्हणतात तिला, वाय क्रोमोसोमवरचं पुरुषपणाचं जीन आहे का ते बघणारी, ती वर्ल्ड ॲथलेटिक्सनं १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केली आणि ती जागतिक रँकिंगच्या स्पर्धेत महिला गटात पळणाऱ्यांसाठी आहे. गालाच्या आतून बोळा फिरवून नाहीतर रक्तातून घेतात, आयुष्यात एकदाच. टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिल्यांदा वापरली. तालुक्याच्या मैदानावर कुणा बापानं ओरडून ती होत नसते, आणि पंचानंही तसं काही तोंडातून काढायचं नसतं.

खरं सांगू का, आपल्याकडं शालेय खेळात चिटिंग होते ती वयाची. १९ ची पोरं १७ खाली पळवतात, मिशा फुटलेली पोरं १४ खालीच्या कबड्डीत उतरवतात, तिथं एक पालक तोंड उघडत नाही कारण निम्म्यांनी स्वतःच दाखल्यात काहीतरी केलेलं असतं. तिथं मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वय बघतात, ती टेस्ट मागा की. पण नाही, पोरीचे दंड दिसले की सगळे डॉक्टर होतात.

आणि माणमधल्या माणसानं तोंड लपवायचं? मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेली, दहावी आली. ३२ वर्षांनी भारतातली बाई ऑलिंपिकला ट्रॅकच्या फायनलला दिसली होती. ती काय नाजूक होती का?

गोळाफेक_बाबा
सर तुमचं बरोबर आहे पण दुसरी बाजू कुणी बोलतच नाही म्हणून लिहितो. त्या बापाची पद्धत घाणेरडी, फोटो टाकणारा तर नालायक, मान्य. पण मुद्दा येडा नाही. माझी पोरगी गोळा फेकते म्हणून मी हे वाचलेलं आहे. महिलांचा गट वेगळा ठेवलाच कशाला? १०० मीटरचा रेकॉर्ड पुरुषांचा ९.५८, बायकांचा १०.४९. ८०० ला १:४०.९१ आणि १:५३.२८. पळण्यात साधारण १० ते १२ टक्के फरक कायम राहतो आणि तो वयात येताना टेस्टोस्टेरॉननं हाडं, स्नायू, रक्त बदलतात त्यातून येतो. मग ज्या शरीरानं तो फायदा घेतलाय ते ह्या गटात आलं तर चौथ्या नंबरवर जी राहिली तिचं काय? तिचा फोटो कुणी टाकत नाही, तिच्यासाठी कुणी रडत नाही. २०१९ ला सेमेन्याच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ८०० पळणाऱ्या बाईच्या केसमध्ये क्रीडा लवादानंच म्हटलं की टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणारा नियम भेदभाव करणारा आहे पण महिला गट राखायला गरजेचा आहे. दोन विरुद्ध एक असा निकाल होता, म्हणजे तिथं बसलेल्यांनाही सोपं गेलं नाही. मला विचाराल तर वरच्या लेव्हलला टेस्ट असावी, गुपचूप असावी, सगळ्यांची असावी. जी "पुरुषी दिसते" तिचीच नको.

कृष्णामाई_७७
बाबा, शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकीचं एवढं साधं नाहीये. मी कऱ्हाडची, पूर्वी ४०० पळायचे, आता फिजिओ आहे.

"सगळ्यांची टेस्ट" हे करून झालेलं आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून क्रोमोसोम बघायचे, पुरुषांत असतो तो वाय सापडतो का म्हणून. १९९६ ला अटलांटात आठ बायकांचा रिझल्ट पॉझिटिव्ह आला आणि आठही जणींना खेळू दिलं, मग १९९९ ला ऑलिंपिकवाल्यांनी ते बंदच केलं. कारण वाय क्रोमोसोम असणं आणि त्याचा फायदा मिळणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. स्पेनची अडथळा शर्यतवाली मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ ला अशीच बाद झाली, तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता. पदकं गेली, लग्न ठरलेलं मोडलं, १९८८ ला परत घेतलं तोवर चांगली वर्षं निघून गेली होती. आताच्या नियमात तिच्यासारखीला सूट आहे, पण ती सूट मिळवायला अजून तपासण्या लागतात आणि तोवर बातमी फुटली की संपलं. आपल्याकडं शांती सौंदरराजन बघा, २००६ दोहा एशियाड, ८०० मीटरच, रौप्यपदक. वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची पोर. अशाच टेस्टवरून काढून घेतलं पदक, आणि तिचा रिपोर्ट देशभर चघळला. ओडिशाची १०० मीटरवाली द्युती चंद २०१४ ला टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून ऐन कॉमनवेल्थच्या तोंडावर टीममधून बाहेर, पण ती लढली आणि २०१५ ला लवादानं तो नियमच दोन वर्षं थांबवला.

आता मामा, तुमच्या त्या "मैत्रीण"वाल्या बाईंविषयी. इथं तीन गोष्टींची खिचडी झालीय. पोरीचं शरीर कसं आहे, तिनं कुठल्या गटात पळावं आणि तिचं कुणावर प्रेम आहे. द्युतीनं २०१९ ला सांगितलं की माझं एका मुलीशी नातं आहे, लगेच लोक म्हणायला लागले की बघा, आम्ही म्हणत नव्हतो का. अहो त्याचा आणि हार्मोनचा काय संबंध? कित्येक बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका माझ्यापेक्षा हळू पळतात.

आणि त्या तापसीच्या पिक्चरवर मला राग आहे तो ह्याचसाठी. हेतू चांगला, टेस्टच्या अपमानाचे सीन बघवत नाहीत इतके खरे वाटतात. पण शेवटी काय दाखवलं, ती लग्न झालेली, गरोदर, पोटात बाळ घेऊन पळतेय. म्हणजे प्रेक्षकाला पटायला नवरा आणि दिवस जाणंच लागलं! उद्या जिला पाळीच येत नाही, जिला मूल होणार नाही, जिला नवरा नको, तिनं काय दाखवायचं? शांती किंवा द्युतीला हा शेवट कुठं मिळाला? पडद्यावर दोन बाया जवळ आल्या की मोर्चे निघतात आणि ह्या शेवटाला सगळं घर मिळून टाळ्या वाजवतं.

गोळाफेक_बाबा
ताई द्युतीवर नंतर डोपिंगचा चार वर्षांचा बॅन आला ते पण लिहा की.

कृष्णामाई_७७
आला, २०२३ ला. डोपिंग ही चिटिंग आहे, जन्माला येणं नाही. तुमच्याच मुद्द्याला सोयीचं आहे हे.

तालमीतली
सांगलीकर हजर. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आमच्या सांगलीत झाली, आमचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. तालमीतल्या पोरींचे केस बारीक, कान सुजलेले, खांदे माझ्या भावापेक्षा रुंद. बाजारात भाजीवाला मला "दादा" म्हणतो, मी पण "काय भाव रे" म्हणते, विषय संपला. कुस्तीला निदान वजनाचे गट असतात म्हणून अन्याय वाटला तर काट्यावर दिसतो. मामा, भाचीला आमच्याकडं पाठवा चार दिवस, तिला तिच्यासारख्या पन्नास पोरी दिसतील.

शिट्टीवाले_सर
फोटोचं राहिलंच. पोरगी अल्पवयीन आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा, कोणत्या नंबरवरून आला, किती वाजता, सगळं दिसलं पाहिजे. आधी ॲडमिनला सांगा की काढून टाका, ऐकलं नाही तर सायबर पोलिसात लेखी द्या. १०९८ ही लहान मुलांची हेल्पलाईन आहे, तिथंही बोलता येतं. शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र देऊन पोच घ्या, तोंडी सांगू नका.

माणदेशी_मामा
लई आभार सगळ्यांचे. फोटो काढला ॲडमिननं, "गंमत केली" म्हणाला, पण स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं आणि उद्या शाळेत पत्र देतोय. बाबा, तुमचं चौथ्या नंबरच्या पोरीचं म्हणणं पण मी भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली मोठ्या स्पर्धेला गेले तर टेस्ट देईन, पण रिपोर्ट त्या काकांना कशाला दाखवायचा. सांगलीच्या ताईंचं वाचून हसली मात्र खूप, आज सकाळी गेली परत पळायला.

सर, अजून एक, ती रोज डोंगरावरच्या देवळापर्यंत पळत जाते. ८०० ला चालतं का ते?

शिट्टीवाले_सर
रोज नको, आठवड्यात दोनदा बास. चढ पळू दे, उतरताना चालत यायला सांगा, नाहीतर नडगी धरेल. आणि ८०० ला डोंगरापेक्षा ३०० मीटरचे तुकडे जास्त कामाला येतात. तिचा टायमिंग काय आहे ते टाका आधी, सगळं बोललात पण तेवढंच सांगितलं नाही.