कोल्ड कॉलिंगला बसलो की लक्षच टिकत नाही, काय करता तुम्ही लोक?

कूलंटवाला:
भोसरी-चाकण पट्ट्यात सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या वर्कशॉपना कूलंट आणि कटिंग ऑइल विकतो, धातू कापताना मशीनवर सोडतात ते. रोज अनोळखी लोकांना ४० नवीन कॉलचं टार्गेट. सकाळी साडेनऊला बसतो, एक फोन लावतो, समोरचा म्हणतो मेल करा, मग मेल टाकायला जातो तर तिथे कुणाच्या तरी जुन्या पेमेंटची कटकट, मग व्हॉट्सॲप, मग बॉसचा फोन, आणि बघतो तर १ वाजलेला आणि कॉल झालेत ९. फोन बंद ठेव असं सांगू नका, फोनवरच धंदा आहे राव.

बंड्या_सेल्स:
नंबर शोधणं आणि फोन लावणं एकाच बैठकीत करतोयस ना? तिथेच मार खातोस. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, त्या दिवशी लिस्ट बनव, मशीन किती, खरेदी कोण बघतं, सगळं. बाकी दिवशी फक्त डायल. मेल करा म्हटलं की वहीत फुली मारायची आणि पुढचा नंबर, मेल सगळे दुपारी एकदम. आणि साडेनऊला मालक ऑपरेटरना दिवसाचं काम वाटून देत असतो, तुझा फोन कशाला उचलेल, ११ नंतर लाव.

टोमॅटो_टायमर:
पोमोडोरो बघ, २५ मिनिटं काम ५ मिनिटं ब्रेक. मला २५ पुरत नाहीत, आवाजाला लय येते तोवर घंटी वाजते, म्हणून मी ५० चं केलंय. टायमर मात्र साधा किचनवाला घे, मोबाइलवर लावलास तर गेलास परत व्हॉट्सॲपात.

विमाताई:
दादा, राग मानू नका पण लगेच मेल टाकायला पळणं म्हणजे पुढचा फोन टाळणं आहे. मी पॉलिसी विकताना दोन वर्षं हेच केलंय, वर सगळ्यांना सांगायचे की बिझी होते.

कूलंटवाला:
ताई, लागलं 😅 पण खरंय. काल शुक्रवारी ११ ते १२ नुसतं डायल केलं, १७ कॉल झाले. सुट्टीत मशीन बंद राहिलं की टाकीतलं कूलंट सडतं, म्हणून सुरुवातच केली की आज वास येतोय का? दोघं म्हणाले येतोय, या बघायला. सोमवारी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंट किती पातळ झालंय ते मोजायचं यंत्र, घेऊन जातोय. फक्त बॉस बरोबर सव्वाअकराला फोन करतो, त्याचं काय करू?

बंड्या_सेल्स:
उचलू नको. १२ ला कर आणि आधी १७ चा आकडा सांग.