डॉलर चढला म्हणजे रुपया दुबळा झाला असं म्हणायचं का?

रंकाळाकाठ:
रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत परवा जोरात वाद झाला. एकजण म्हणाले, "४७ साली एका रुपयाला एक डॉलर मिळायचा, आज बघा काय दशा!" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते चूक आहे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता. पौंड साधारण सव्वातेरा रुपयांचा आणि एका पौंडाला चार डॉलर. म्हणजे डॉलर तेव्हाही तीन रुपयांच्या वरच होता. १९४९ ला पौंडाचं अवमूल्यन झालं, त्याच्यामागून रुपयाचं, आणि डॉलर ४.७६ झाला. ६ जून १९६६ ला सरकारनं तो एका झटक्यात ७.५० वर नेला.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. आकड्यावरून चलनाची ताकद कळतच नाही. एका जपानी येनला आपला रुपयासुद्धा येत नाही, आणि कुवेतचा दिनार तीन डॉलरच्या वर. म्हणून कुवेतचे कारखाने जपानपेक्षा मोठे आहेत का? तुर्कस्तानानं २००५ च्या १ जानेवारीला लिरावरची सहा शून्यं उडवली. देश आदल्या दिवशी होता तोच राहिला. शंभराच्या नोटेत पाच वर्षांनी किती गूळ येतो, ते बघा. महागाई आटोक्यात असेल तर चलन मजबूत.

हुपरीकर:
काका, हे वाचायला बरं वाटतं. आमच्याकडं पैंजण करायला चांदी लागते, ती बरीचशी बाहेरून येते आणि तिचा भाव डॉलरमध्ये ठरतो. तेवढाच माल करायला आता दुप्पट भांडवल अडकतंय. मजुरी मात्र त्या मानानं वाढत नाही. रुपया घसरला की आमच्या गल्लीत लगेच कळतं, त्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही.

रंकाळाकाठ:
तुमचा त्रास खरा आहे. पण चांदी जगाच्या बाजारातच चढली आहे. रुपया जागचा हलला नसता तरी तुम्हाला ती महागच पडली असती.

शिरोली एमआयडीसी:
आता आम्हा फौंड्रीवाल्यांचं ऐका, कारण रुपया पडला की "तुमची तर दिवाळी" असं प्रत्येकजण म्हणतो. कास्टिंग, म्हणजे लोखंड ओतून केलेले भाग, परदेशी जातात, बिल डॉलरमध्ये निघतं, हे बरोबर. पण पिग आयर्नच्या, म्हणजे आम्ही वितळवतो त्या कच्च्या लोखंडाच्या दरात कोकचा, म्हणजे भट्टीच्या भाजलेल्या कोळशाचा खर्च असतो, आणि कोक बनवायचा कोळसा आपल्याकडं बहुतेक बाहेरून, जास्त करून ऑस्ट्रेलियातून येतो. रुपया पडला की दोन महिन्यांत कच्च्या मालाचा दर वर. तिकडचा गिऱ्हाईकही पेपर वाचतो. त्याचा मेल येतो: तुमचं चलन स्वस्त झालंय, तर दर कमी करा. नफ्यातला निम्मा तो नेतो, उरलेला कोळसा खातो. बँकेत फॉरवर्ड कव्हर घेतलं असेल, म्हणजे पुढं येणाऱ्या डॉलरचा दर आधीच ठरवून ठेवला असेल, तर वरचा फायदा तसाही मिळत नाही.

म्हणून "रुपया पडू दे, निर्यात वाढेल" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ज्या देशाला कच्चं तेलच ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणावं लागतं, त्याला हे औषध फार पचत नाही.

राजारामपुरीतला पालक:
आकडा महत्त्वाचा नाही हे मला तरी कुणी सांगू नये. मुलीची फी वर्षाला २०,००० डॉलर. २०२१ ला पहिल्या वर्षी ७४ च्या दरानं १४ लाख ८० हजार भरले. २०२४ ला त्याच फीला ८४ नं १६ लाख ८० हजार. तिकडं फी एका डॉलरनंही वाढली नव्हती. ते दोन लाख कर्जात गेले आणि त्यांचं व्याज मी भरतोय.

रंकाळाकाठ:
दादा, हे वाचून वाईट वाटलं. पण मग रिझर्व्ह बँकेनं दर धरून ठेवायचा का? श्रीलंकेनं डॉलर बराच काळ त्यांच्या २०० रुपयांच्या आसपास धरून ठेवला, त्यात डॉलरची गंगाजळी आटवली, आणि २०२२ मध्ये काही आठवड्यांत तो ३६० वर गेला. औषधाला, पेट्रोलला रांगा लागल्या. हळूहळू उतरणारा रुपया परवडतो.

गुजरीतला:
इथं एक गोष्ट कुणीच बोललं नाही. १९९१ ला आपल्याकडं जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले, तेव्हा ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवावं लागलं. गहाणाचा माणूस कधी येतो ते आमच्या सराफी पेढीवर रोज दिसतं: उधारी मिळेनाशी झाली की. देशाचंही तेच झालं होतं. तुर्कस्तानात २०२१ ला महागाई चढत असताना व्याजदर कमी केले, पुढच्या वर्षी महागाई ८५ टक्क्यांवर गेली, आणि लोकांनी लिरा टाकून सोनं-डॉलर धरलं. आपल्याच लोकांना आपलं चलन घरात ठेवावंसं वाटत नाही, तेव्हा ते दुबळं.

हुपरीकर:
मग आपल्याकडं लोक शिल्लक पडली की तुमच्याच गुजरीत येऊन सोनं का घेतात? आणि ते सोनंही डॉलर देऊनच येतंय की.

शिरोली एमआयडीसी:
हा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं सांगतो. डॉलर ८० असो नाहीतर ९०, मी धंदा बसवतो. जानेवारीत कोटेशन दिलं आणि जूनमध्ये पैसे आले, या मधल्या पाच महिन्यांत तो किती हलेल याचा अंदाज लागत नाही, तेव्हा नवीन भट्टीचं कर्ज काढायला हात धजत नाही. आमची दुसरी भट्टी त्यामुळंच दोन वर्षं कागदावर आहे.