उडीची उंची व्हिडिओवरून काढून टीव्हीवर दाखवायची आहे

दांडियाबाजार: बडोद्याच्या एका स्थानिक वाहिनीसाठी उभ्या उडीमागच्या विज्ञानावर भाग करतोय. शूटिंग आखाड्याच्या हॉलमध्ये, वर ट्यूबलाइट. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने घेतलं की चित्र फडफडतं. शिवाय उडी किती सेंटीमीटर, तो आकडा पडद्यावर द्यायचाय. फोर्स प्लेट (पायांचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) बजेटमध्ये नाही. व्हिडिओवरून निघेल?

रावपुरा_कॅमेरा: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. फडफड घालवायला शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) 1/100 सेकंद हवं, आणि 240 फ्रेमवर ते 1/240 पेक्षा लांब ठेवताच येत नाही. सेटिंगशी झटापट नको, ट्यूब बंद करा. बॅटरीचे एलईडी पॅनेल पूर्ण तेजावर लावा. मंद केले की स्वस्त पॅनेलही फडफडतात. पावलं स्पष्ट दिसायला शटर 1/1000 लागेल, म्हणजे उजेड भरपूर हवा. खरं तर सकाळच्या उन्हात पोलो ग्राउंडवर घ्या, फुकटात काम होईल.

कोच_निझामपुरा: आकडा निघतो. पाय सुटल्याच्या पहिल्या फ्रेमपासून टेकल्याच्या पहिल्या फ्रेमपर्यंत मोजा, 240 ने भागा. हा हवेतला वेळ. उंची = 9.81 × वेळेचा वर्ग ÷ 8, उत्तर मीटरमध्ये. 120 फ्रेम म्हणजे 0.5 सेकंद, म्हणजे 30.7 सेंमी. अशा उडीत एका फ्रेमची चूक अर्धा सेंमी. साध्या 25 फ्रेमच्या व्हिडिओत तीच 5 सेंमी! मोजणी मूळ फाइलवरच करा, एडिटच्या 25 च्या टाइमलाइनवर फ्रेम गळतात.

खरी गडबड खेळाडू करतो. उतरताना गुडघे दुमडले की पाय उशिरा टेकतात आणि आकडा फुगतो. गुडघे सरळ, चवडे आधी, हात कमरेवर. अशी नसलेली उडी सरळ बाद.

दांडियाबाजार: शेजारी मीटरपट्टी उभी करून ग्राफिकही चालेल ना?

रावपुरा_कॅमेरा: पट्टी खेळाडूच्या रेषेतच हवी. कॅमेरा खेळाडूपासून 4 मीटरवर आणि पट्टी खेळाडूच्या 1 मीटर पुढे, कॅमेऱ्याकडे असेल तर पट्टीवर उडी पाऊण भागच दिसेल. कॅमेरा 8-10 मीटर मागे, कमरेच्या उंचीवर, झूम करून.

कोच_निझामपुरा: आणि पट्टीवर कंबर किती वर गेली ते दिसतं. त्यात टाचा उचलल्याची उंचीही येते, म्हणून तो आकडा हवेतल्या वेळेच्या आकड्यापेक्षा मोठा निघणारच. दोन्ही ‘उडी’ म्हणून दाखवू नका, प्रेक्षक लगेच पकडतात.