स्पोर्ट्स बाईक, सिग्नल आणि मनगटं – तुमचे अनुभव सांगा

खडकवासलेकर
काल राजाराम पुलाच्या सिग्नलला शेजारी एक पोरगं येऊन थांबलं, टाकीवर पार पालथं, आणि थांबल्या थांबल्या दोन्ही हात सोडून मनगटं झटकायला लागलं. मला डायरेक्ट २०१५ आठवलं. माझ्याकडे पण तसलीच होती, खालच्या हँडलची, आईला सांगितलेलं की ऑफिसला सोयीची आहे 😄 सिंहगड रोड ते हिंजवडी, रोज. चांदणी चौक येईस्तोवर अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या, त्यात रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट पोटरीवर. पण रविवारी पहाटे ताम्हिणीला गेलं की आठवड्याभराचं सगळं माफ. चार वर्षांनी विकली, आता स्कूटर, पायाशी भाजीची पिशवी मावते. तरी काल पोटात कायतरी हाललंच.

अर्धाक्लच
मनगटावर भार द्यायचाच नाही, गुडघ्यांनी टाकी आवळायची न् कोपरं सैल. स्पीडला वारा छातीला रेटतो म्हणून हात हलके होतात, वीसच्या स्पीडला कुठला आलाय वारा, सगळं धड तळहातांवर. त्यात पहिला गिअर लांब, म्हणजे जाममध्ये हाफ क्लचवरच रांगायचं. संध्याकाळी डाव्या हाताने चहाचा कप धरवत नाही.

चिऊताई
मागे बसणाऱ्यांचं कोण विचारणार?? माळ्यावर चढून बसल्यासारखं वाटतं. यांनी ब्रेक मारला की मी यांच्या पाठीवर न् मांडीवरचा डबा दोघांच्या मधे. एका लग्नाला साडी नेसून गेले तशी, परत येताना मी रिक्षाने, हे एकटे बाईकवर.

भाईंदरचा_भाई
मुंबईत तर गंमतच आहे, जिथे पळवावी तिथे टूव्हीलरला बंदी. सी लिंक बंद, अटल सेतू बंद, जेजे फ्लायओव्हर बंद, तुमच्याकडे यायचा एक्सप्रेसवे पण बंद. उरला घोडबंदर रोड. सहावा गिअर मला वर्सोवा पुलाच्या पुढे अहमदाबाद हायवेलाच भेटतो, तोही पहाटे.

पाच_फूट_एक
उंची नावातच आहे, सिग्नलला एका पायाच्या चवड्यावर उभी असते. डेक्कनला पावसात पाय घसरला, बाईक आडवी, मागच्या रिक्षावाल्या काकांनी उचलून दिली आणि वर म्हणाले ताई स्कूटी घ्या ना. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच बाईक. आता पाय टेकायला फूटपाथची कड बघून ठेवते, सिग्नल दिसायच्या आधीच. भाजी दूध इस्त्री सगळं हिच्यावरच, सॅकमधून. कोथिंबीर चेपते तेवढीच.

जुनं_खोड
करिझ्मा घ्यायची होतीत सगळ्यांनी. २००३ ला आली, २२३ सीसी, पाठ ताठ ठेवून बसायचं आणि पिकअप पण मिळायचा. माझी पिवळी. कोल्हापूर पुणे, साताऱ्याला एक चहा, बस्स.

अर्धाक्लच
खोडकाका विकायचीये का

जुनं_खोड
नाही रे बाबा. लेकीची नजर बाईकवर, बायकोची आम्हा दोघांवर.

खडकवासलेकर
चिऊताई, डब्यात काय होतं?

चिऊताई
गुलाबजाम. पाकासकट.